पोरगा किती टाकतो?

अमेरिकेत शाळकरी बेसबॉलची मॅच बघायची पाळी आली आणि खेळातलं ओ की ठो कळत नसेल, तर मैदानाकडे टक लावून बसण्यात अर्थ नाही. फलंदाजाच्या मागे कॅचर बसतो, कॅचरच्या मागे पंच, पंचाच्या मागे उंच जाळी. त्या जाळीपलीकडे बघावं. तिथे घडीच्या खुर्च्यांवर सात-आठ मध्यमवयीन पुरुष बसलेले असतात. अंगात कॉलरवाला टी-शर्ट, छातीवर कुठल्यातरी विद्यापीठाचं बोधचिन्ह, डोळ्यांवर काळा गॉगल, गालात सूर्यफुलाच्या बिया. टरफलं थुंकण्यापलीकडे चेहऱ्यावर हालचाल म्हणून नाही. होमरन बसो, कुणी तोंडावर आपटो, बाकांवरच्या आया किंचाळोत, हे आपले ढिम्म. पण बॉल टाकणाऱ्या पिचरने पाय उचलला, की सात-आठ हात एकदम वर येतात. प्रत्येक हातात पिस्तुलासारखं यंत्र आणि सगळ्यांचा नेम त्या सतरा वर्षांच्या पोरावर. बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये फाडकन आपटतो, हात खाली येतात, माना खाली जातात आणि यंत्रावरचा आकडा वहीत उतरतो. बॉल स्ट्राइक होता की कॅचरच्या डोक्यावरून गेला, ही चौकशी त्यानंतर.

ही माणसं म्हणजे कॉलेजांचे रिक्रूटर आणि हातातलं यंत्र म्हणजे रडार गन. माझी ताई आणि भाऊजी जॉर्जियात, अटलांटाच्या एका उपनगरात राहतात. त्यांचा थोरला शाळेच्या टीमचा पिचर आहे, त्यामुळे माझा तिकडचा मुक्काम बराचसा अ‍ॅल्युमिनियमच्या बाकांवर पार पडतो. या बाकांवर पालक एकमेकांना नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत, इतकंच काय, पगारही विचारत नाहीत. पहिला प्रश्न एकच: पोरगा किती टाकतो? उत्तर आकड्यात. "एटी-सिक्स." ऐकणारा बाप मनातल्या मनात स्वतःच्या पोराचा आकडा लावून बघतो आणि त्या हिशेबाने हसतो किंवा नुसतीच मान हलवतो.

हे आकडे ताशी मैलांचे. नव्वद म्हणजे आपल्या क्रिकेटच्या भाषेत ताशी १४५ किलोमीटर, तेही साडेसाठ फुटांवरून आणि टप्पा न पडता. बॉल पोचायला सेकंदाचे चार दशांश लागतात. तेवढ्या वेळात फलंदाजाने ठरवायचं, फिरवायचं आणि शक्यतो जिवंत राहायचं. मोठ्या कॉलेजांना उजव्या हाताचा पिचर साधारण नव्वदच्या आसपासचा लागतो. पंच्याऐंशीला जरा लहान कॉलेजं बोलतात. ऐंशीला सगळे गोड बोलतात. शाळांमधून बेसबॉल खेळणारी पोरं साडेचार लाखांहून जास्त, डिव्हिजन वन नावाच्या पहिल्या पंगतीतल्या टीम सुमारे ३००, आणि शंभर पोरांतली दोन-तीनच त्या पंगतीला बसतात. बाकीच्यांसाठी डिव्हिजन टू, थ्री, ज्युनियर कॉलेज अशा उरलेल्या पंगती.

या गनचा जन्म मोठा मजेशीर आहे. १९७४ साली मिशिगन स्टेट विद्यापीठाचे बेसबॉल कोच डॅनी लिटव्हायलर यांना समजलं, की विद्यापीठाच्या पोलिसांनी भरधाव गाड्या पकडायला रडार आणलंय. त्यांनी ते मैदानावर आणवून आपल्या पोरांचा वेग मोजून पाहिला, मग जग्ज नावाच्या कंपनीकडून बेसबॉलसाठी वेगळं यंत्र करून घेतलं. तेव्हापासून त्या देशात एकच यंत्र दोन कामं करतं. हायवेवर नव्वद दाखवलं तर दंड होतो, मैदानावर नव्वद दाखवलं तर फी माफ होते.

गनचा आकडा रिक्रूटर कुणाला सांगत नाही. म्हणून भाऊजींना त्या दिवसांत तहान फार लागते. पाण्याची बाटली भरण्यासाठी ते जाळीमागून जातात, अमुक एका खुर्चीच्या मागे आल्यावर बुटाची नाडी बांधायला वाकतात आणि रिक्रूटरच्या खांद्यावरून आकडा वाचून परत येतात. परत आल्यावर ताई विचारत नाही, नुसती बघते. "पंच्याऐंशी," भाऊजी म्हणतात. "पण त्याची गन स्लो आहे." बाकांवरच्या प्रत्येक बापाच्या मते प्रत्येक रिक्रूटरची गन दोन मैलांनी स्लो असते.

पण नुसत्या वेगावर सौदा होत नाही. खरी मेख इथे आहे, की समोर दिसतो तो मुलगा रिक्रूटरला नकोच असतो. त्याला हवा असतो तीन वर्षांनंतरचा. आज ८९ टाकणारा, दाढी आलेला, खांदे भरलेला पाच फूट दहा इंची गडी आणि आज ८५ टाकणारा, सव्वासहा फुटी, वाऱ्याने हलणारा काडी पैलवान असे दोघे समोर ठेवा. रिक्रूटर काडी पैलवानाकडे जातो. भरलेला गडी भरून झालेला आहे. काडी पैलवानाच्या अंगावर अजून वीस-पंचवीस पौंड चढायचेत, आणि ते चढले की आकडाही चढेल, असा हा जुगार. याला त्यांच्यात 'प्रोजेक्टेबल' म्हणतात.

मला हे बघताना राहून राहून आपल्याकडचा बैलबाजार आठवतो. जाणता गिऱ्हाईक खोंडाच्या रंगाला आणि शिंगांना लावलेल्या बेगडाला भुलत नाही. जबडा उघडून दात मोजतो, खूर बघतो, वशिंडावर हात फिरवतो, मग दहा पावलं चालवून मागून चाल बघतो. रिक्रूटरही हेच करतो, फक्त हात लावत नाही. खांदे रुंद आहेत का, कंबर उंचावर आहे का, बोटं लांब आहेत का, बूट किती नंबरचे. पोरगा पाच अकरा आणि बूट चौदा नंबरचा असेल तर रिक्रूटरचा चेहरा पहिल्यांदा जरा मऊ पडतो, कारण पाय आधीच पुढे पोचलेत आणि पोरगा मागून येतोय.

आणि एवढं झाल्यावर तो मान वळवून बाकांकडे बघतो. बाप शोधायला! बाप किती उंच, आई किती उंच, मामा कुणावर गेलाय. आमचे भाऊजी बुटांसकट पाच फूट पाच. पहिल्या वर्षी त्यांना हे ठाऊक नव्हतं, तेव्हा ते मुलाला पाठिंबा म्हणून जाळीला चिकटून उभे राहत. कुणीतरी हितचिंतकाने कानात सांगितल्यापासून ते बाकांच्या सर्वांत वरच्या पायरीवर उभे राहतात, आणि रिक्रूटरने वर पाहिलं की टाचा उचलतात. माझी उंची बरी असल्याने एकदा मलाच खाली जाऊन मुलाच्या खांद्यावर हात टाकून यायला सांगितलं. मी गेलो. घराण्यासाठी माणूस काय काय करतो.

बैलबाजाराचा शेवट जसा उपरण्याखाली बोटं दाबून होतो, तसाच इथला. अमेरिकन कॉलेजात खेळाडूला फुकट शिकवतात असा आपला एक भाबडा समज आहे. फुटबॉलवाल्यांच्या बाबतीत तो बराचसा खराही असेल. बेसबॉलमध्ये कित्येक वर्षं नियम असा होता, की डिव्हिजन वनच्या एका टीमला मिळून ११.७ शिष्यवृत्त्या, आणि त्या जास्तीत जास्त २७ पोरांत वाटायच्या, प्रत्येकाला किमान चतुर्थांश. हा ०.७ कुणाच्या वाट्याचा, असं विचारू नये. मग कोच बोटं दाबत बसे: याला चाळीस टक्के, त्याला पंचवीस, कॅचरला साठ, आणि तुला, बाळा, मानाने ये आणि फी तूच भर. यालाच 'प्रिफर्ड वॉक-ऑन' म्हणतात. लग्नाचं आमंत्रण आहे, पण पंगतीचं नाही. २०२५च्या कोर्टाच्या तडजोडीनंतर, ती मान्य करणाऱ्या कॉलेजांसाठी हे बंधन उठलं. आता टीममध्ये ३४ खेळाडूच ठेवायचे, पण ३४ जणांना पूर्ण शिष्यवृत्ती द्यायला मुभा. मुभा आहे, पैसे आहेतच असं नाही. बोटं दाबणं चालूच आहे.

या आकडेमोडीत एका गोष्टीने आमच्या घरात आनंदीआनंद झाला. मुलाला अभ्यासाच्या गुणांवर निराळी मदत मिळत असेल, तर बेसबॉलच्या झोळीतले पैसे वाचतात. म्हणून रिक्रूटर गुणपत्रिका फार बारकाईने बघतात. डिव्हिजन वनला खेळायचं तर ठरलेले सोळा विषय आणि त्यांत चारपैकी किमान २.३ सरासरी लागते. भाच्याची चारला टेकलेली. हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी भाऊजींनी टाचा खाली टेकवल्या. इतकी वर्षं 'खेळ पुरे, पुस्तक उघड' म्हणणाऱ्या माणसाला पुस्तक उघडण्याने खेळात फायदा होतो असा कागदोपत्री पुरावा मिळाला होता.

नियम आणखीही आहेत आणि ते वाचताना आपलं सरकारी परिपत्रक सुटसुटीत वाटू लागतं. पूर्वी आठवी-नववीतली पोरं, ज्यांचा आवाजही फुटलेला नाही, कॉलेजांना तोंडी 'कमिट' होत. २०२३पासून असं ठरलं, की अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत कॉलेजच्या कोचने मुलाशी बोलायचं नाही. फोन नाही, मेसेज नाही. त्यामुळे जाळीमागचा माणूस मुलाला दोन तास न्याहाळतो, त्याच्या बुटाचा नंबर लिहून घेतो, बापाची टाच टिपतो, आणि पार्किंगमध्ये समोरासमोर आला की 'हाय' म्हणून असा पुढे निघतो, जणू शेजारच्या सोसायटीतला आहे. १ ऑगस्टला रात्री बारा वाजता चांगल्या पोरांचे फोन खणाणू लागतात. बाकीच्या घरांत फोन चार्जिंगला लावून सगळे जागे असतात.

आता मला सर्वांत आवडलेला भाग. आकडा, उंची, गुण हे सगळं घरबसल्या कळतं. मग रिक्रूटर शंभर-दोनशे मैल गाडी हाकत येतो कशाला? तर आकड्यांत न मावणारं बघायला. भाच्याच्या एका मॅचमध्ये सहाव्या डावात शॉर्टस्टॉप नावाच्या क्षेत्ररक्षकाच्या हातातून अगदी सोपा चेंडू निसटला. कुणीही झोपेत उचलावा असा. डाव संपायचा तो लांबला, पळणारा गडी पहिल्या बेसवर पोचला. त्या क्षणी मी जाळीमागे पाहिलं. गन मांडीवर होत्या आणि गॉगल डोक्यावर गेले होते. पहिल्यांदाच त्या माणसांचे डोळे दिसले, आणि ते शॉर्टस्टॉपकडे नव्हते, पिचरकडे होते. पिचर हात पसरून आभाळाकडे बघतो का? मित्राकडे डोळे वटारतो का? मातीला लाथ मारतो का? आमच्याने यातलं काही केलं नाही. त्याने बॉल मागितला, शॉर्टस्टॉपकडे बघून ग्लोव्हवर दोन टाळ्या वाजवल्या आणि पाठ वळवून टोपी सारखी केली. एक जण वहीत काहीतरी लिहू लागला. त्याच वेळी बाकांवरून ताईचा आवाज घुमला, "अरे तो काय चेंडू सोडायचा होता का, मेल्या!" तोही बहुधा लिहिला गेला असावा. कारण पालक कसे आहेत हाही वहीत एक रकाना असतो. तीन-चार वर्षं मुलाबरोबर हेही पदरात पडणार आहेत, याची रिक्रूटरला कल्पना असते.

बॅगेचं तर विचारूच नका. कोच लोक मुलाखतींतून पुन्हा पुन्हा सांगतात, की मॅचनंतर मुलाची बॅग कोण उचलतो ते आम्ही गाडीत बसून बघतो. सहा फुटी पोरगा पुढे मोबाइल बघत चाललाय आणि मागून आई बॅट, ग्लोव्ह, बूट, बर्फाचा डबा घेऊन धापा टाकत येतेय, असं दिसलं की नावावर काट. मराठी आयांना हा नियम पचणं महाकठीण आहे. आपल्याकडे मुलाचं दप्तर उचलायची सुरुवात बालवाडीपासून होते आणि शेवट कधी होतो हे सुनेला विचारावं. ताईने यावर तोडगा काढला. मैदानाचं फाटक ओलांडेपर्यंत बॅग भाच्याच्या खांद्यावर, आणि वळणावरच्या झाडामागे गेलं की ताईच्या. पुढे भाच्यानेच एकदा ठणकावलं, "आई, झाडामागेही एक कोच उभा असतो."

ई-मेलची गंमत याच जातीची. मुलाने कॉलेजच्या कोचला स्वतः पत्र लिहावं अशी अपेक्षा असते: नाव, उंची, वजन, वेग, गुण, पुढच्या मॅचचं वेळापत्रक, दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ आणि त्याला धडाड्‌धूम संगीत नको. एवढंच. पहिलं पत्र भाऊजींनी लिहून दिलं. वरील विषयास अनुसरून आपणांस नम्रपणे कळवण्यात येते, अशा थाटाचं ते इंग्रजी होतं आणि शेवटी 'आपला आज्ञाधारक'ची सहोदर अशी एक ओळ होती. सतरा वर्षांचा कुठलाच अमेरिकन मुलगा जगात कुणाचाही आज्ञाधारक नसतो, हे कोचला अर्थातच माहीत असतं. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र भाच्याने बसमधून चार ओळींत लिहिलं, त्याला संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. भाऊजींना ही गोष्ट अजून बोचते. त्यांच्या मते पत्रात 'माननीय'सुद्धा नव्हतं.

गनबरोबर अलीकडे आणखी यंत्रं आली आहेत. रॅपसोडो, ट्रॅकमॅन. ही मिनिटाला बॉल किती गिरक्या घेतो ते सांगतात. व्यावसायिक लीगमधला सर्वसाधारण फास्टबॉल मिनिटाला २,२००-२,३०० गिरक्या घेतो, असं कळल्यापासून आमच्या घरी जेवताना गिरक्यांखेरीज विषय नाही. रिक्रूटर याशिवाय स्टॉपवॉच घेऊन बसतात. पहिल्या बेसवर गडी असताना पिचर हलल्यापासून बॉल कॅचरपर्यंत पोचायला सुमारे १.३ सेकंदांहून जास्त लागले, तर तो गडी दुसरा बेस चोरून नेतो. फास्टबॉलच्याच हालचालीत हळू येणारा 'चेंज-अप' जमतो का, तेही बघतात. आणि शोकेस नावाचे मेळावे आहेत, जिथे पालक काही शे डॉलर भरून पोराला दहा-पंधरा बॉल टाकायला उभा करतात आणि त्याला दहापैकी गुण मिळतात. आयोवासारख्या थंड, आडबाजूच्या राज्यातली पोरं कुणाच्या नजरेस पडत नाहीत म्हणून जेरी फोर्ड या कोचने 'परफेक्ट गेम' सुरू केलं, त्याचा आज प्रचंड धंदा झाला आहे. फ्लोरिडात ज्युपिटर गावी दर ऑक्टोबरात त्यांची स्पर्धा भरते, तेव्हा मैदानांभोवती गोल्फ कार्टची कोंडी होते. एखादा पंचाण्णववाला पोरगा माऊंडवर आला अशी हूल उठली, की गोल्फ कार्टचा तांडा एका मैदानावरून दुसऱ्या मैदानाकडे धावतो, आणि मागे राहिलेल्या मैदानावरचा बिचारा पिचर जाळीमागच्या रिकाम्या गवताकडे बघत बॉल टाकत राहतो.

या गन-भक्तीचा खर्च कोपरातून वसूल होतो. २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातल्या तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी त्याच्याच दुसऱ्या हातातली कंडरा ओवली. शंभरात एक संधी, असं डॉक्टर म्हणत होते. टॉमी जॉन परत आला आणि पुढे आणखी १६४ मॅच जिंकला. म्हणजे गन आणि ही शस्त्रक्रिया दोन्ही एकाच वर्षाची अपत्यं. याला योगायोग म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आता ही शस्त्रक्रिया शाळकरी पोरांवर होते, आणि ती करून घेतली की वेग वाढतो अशा समजुतीने धडधाकट मुलाची करता येईल का, असं विचारणारे पालकही डॉक्टरांना भेटलेले आहेत. २०१४ साली मेजर लीगने, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च लीगने, वयानुसार मर्यादा आखून दिल्या: सतरा-अठराच्या मुलाने दिवसात १०५पेक्षा जास्त पिच टाकू नयेत, मध्ये इतके दिवस विश्रांती घ्यावी. तक्ता उत्तम आहे. फक्त मुलगा मंगळवारी शाळेसाठी टाकतो, शनिवारी क्लबसाठी टाकतो, रविवारी शोकेसमध्ये टाकतो, आणि तिन्ही ठिकाणचे पिच मोजणारे तिघे एकमेकांना ओळखत नाहीत. डिसेंबर २०२४मध्ये मेजर लीगनेच मोठा अहवाल काढून सांगितलं, की दुखापती वाढण्याचं मोठं कारण वेगाच्या मागे लागणं हे आहे. तो अहवाल सगळ्या कोचांनी वाचला असेल. वहीतला पहिला रकाना मात्र अजून वेगाचाच आहे, आणि पोरांना वही दिसते, अहवाल दिसत नाही.

बरं, एवढं मोजूनमापून हे लोक अचूक ठरतात म्हणावं, तर तेही नाही. मार्क ब्यूर्ली शाळेच्याच टीममधून दोनदा कापला गेला होता. ज्युनियर कॉलेजात गेला, १९९८च्या मेजर लीगच्या निवडीत अडतिसाव्या फेरीत, म्हणजे ताटं उचलायच्या वेळी, त्याचं नाव आलं. पुढे मेजर लीगमध्ये २१४ विजय, त्यात २००९ची एक परफेक्ट गेम, म्हणजे समोरच्या टीमचा एकही माणूस बेसवर पोचला नाही. जेकब डीग्रॉम स्टेट्सन विद्यापीठात शॉर्टस्टॉप म्हणून गेला. हा पिचर आहे हे खुद्द कॉलेजलाही तिसऱ्या वर्षी कळलं. पुढे त्याने सर्वोत्कृष्ट पिचरचं साय यंग पारितोषिक लागोपाठ दोनदा घेतलं. ग्रेग मॅडक्स शाळेत असताना एका स्काउटने लिहून ठेवलं होतं, की अंगाने जरा भरलेला असता तर देशात पहिला नंबर लागला असता. तो शेवटपर्यंत अंगाने भरला नाही. ३५५ मॅच जिंकला. भाऊजींनी या तिघांचे फोटो फ्रिजवर लावलेत, उंचीचा आकडा झाकला जाईल अशा बेताने.

वेगाचं वेड किती खोल आहे, हे एका थापेवरून कळतं. १ एप्रिल १९८५च्या 'स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड'मध्ये जॉर्ज प्लिम्प्टन यांनी सिद्ध फिंच नावाच्या पिचरवर लेख लिहिला. हा सिद्धार्थ तिबेटात योग शिकलेला, एका पायात बूट, दुसरा अनवाणी, आणि वेग ताशी १६८ मैल. तारीख डोळ्यांसमोर छापलेली असूनही भल्याभल्यांनी विश्वास ठेवला. गंमत म्हणजे पुढे खरोखरच आपल्याकडे शोध घेतला गेला. २००८मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' नावाची स्पर्धा भारतात झाली आणि उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेकपटूंना उचलून अमेरिकेत नेलं. रिंकूने ८७ मैलांनी बॉल टाकून एक लाख डॉलर जिंकले होते. दोघांनी त्याआधी बेसबॉलचं नावही ऐकलं नव्हतं, आणि वर्ष संपायच्या आत पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. नियम नंतर शिकता येतात. आकडा आधी लागतो.

सध्या मात्र रिक्रूटर शाळकरी पोरांकडेच जरा कमी बघू लागलेत. ट्रान्सफर पोर्टल नावाची खिडकी उघडली आहे. एका कॉलेजातला तयार खेळाडू तिथून दुसऱ्या कॉलेजात जातो. बावीस वर्षांचा, भरलेला, अनुभवी माणूस आयता मिळत असताना कोच सतरा वर्षांच्या चौदा नंबरी बुटाची वाट कशाला बघेल? शाळकरी पोरांच्या आईबापांना पोर्टल हा शब्द उच्चारला की हल्ली आम्लपित्त होतं.

पण एका जातीला पोर्टलही हात लावू शकत नाही. डावखुरे. उजव्या पिचरला जिथे नव्वद लागतात, तिथे डाव्याला चार-पाच मैलांची सूट असते. असे कमी, म्हणून त्यांची सवय फलंदाजांना कमी. शिवाय बॉल टाकायच्या पवित्र्यात डाव्याचं तोंडच पहिल्या बेसकडे, म्हणजे तिथला गडी चोरटा पाय पुढे टाकू शकत नाही. डावा पोरगा जरा बुटका असला तरी चालतो, बाप बुटका असला तरी चालतो. ही माहिती लागली त्या दिवशी भाऊजींनी जेवणाच्या टेबलावर धाकट्याकडे बघितलं. तो डाव्या हाताने आमटीभात कालवत होता.

या डाव्या हातावरून घरात गेली पाच-सहा वर्षं महाभारत चाललेलं. भाऊजींच्या मातोश्री साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर रोज न चुकता म्हणायच्या, "बाळा, उजवा हात." त्या रविवारीही म्हणाल्या. भाऊजींनी फोन स्वतःकडे वळवला.

"आई, यापुढे त्याच्या डाव्या हाताला कुणी काही बोलायचं नाही."

"अरे, पण सत्यनारायणाचा प्रसाद कुठल्या हाताने घेणार तो?"

"प्रसाद उजव्याच हाताने घेईल," भाऊजी म्हणाले. "ग्लोव्ह त्याच हातात असतो."